स्लाइडवरच्या सेफ्टी पिना

शनिवार दुपार. लॅबमध्ये मी आणि एक नवी टेक्निशियन, दोघीच. शेवटचा नमुना काखेतल्या गाठीतून सुईने काढलेल्या पुवाचा. फॉर्मवर एवढंच: 'ताप, काखेत दुखरी गाठ.' 'प्राण्यांशी संपर्क' हा रकाना नेहमीसारखा कोरा.

"मॅडम, हे जरा बघता का?"

ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून बघायच्या नेहमीच्या पद्धतीत, आखूड, गुलाबी जंतू होते. टोकं जरा गडद वाटली म्हणून तिला जिम्सा हा दुसरा स्टेनही करायला सांगितला. तो लेन्सखाली आला तेव्हा जे दिसलं, ते मी पुस्तकांत असंख्य वेळा पाहिलं होतं, प्रत्यक्षात एकदाही नाही. दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिकट. मिटलेल्या सेफ्टी पिना. परीक्षेत या वर्णनापुढे आम्ही डोळे झाकून एकच उत्तर लिहायचो: यर्सिनिया पेस्टिस. प्लेग.

खरं सांगते, आधी हसूच आलं. मग आठवलं की त्याच पुवातले जंतू वाढवायच्या प्लेटा हिने उघड्या टेबलावर लावल्यात, आणि पोटात गोळा आला.

प्लेटा सेफ्टी कॅबिनेटमध्ये गेल्या. टेबल पुसलं, हात धुतले, पुन्हा धुतले. "मशीनवर काहीही लावायचं नाही," मी बजावलं. नमुन्याचे तुषार उडण्याची भीती होतीच, पण जंतू ओळखणारी यंत्रं इथे हमखास फसतात हेही माहीत होतं. प्लेगचा जंतू यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसपासून काही हजार वर्षांपूर्वीच फुटून निघालेला. दोघं इतके सारखे की यंत्र बिनदिक्कत एकाला दुसऱ्याचं नाव देऊन मोकळं होतं.

वॉर्डात फोन लावला. रेसिडेंट जरा वैतागलाच.

"प्लेग? मॅडम, तो इतिहासाच्या पुस्तकात असतो."

1994 मध्ये बीड जिल्ह्यात गाठीचा आणि सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला, लोकांनी रातोरात सुरत सोडली, तेव्हा हा बहुधा जन्मालाही आला नसेल. पण 2017 ला तर हा शिकत असणार. त्या वर्षी मादागास्करमध्ये 2,000 हून जास्त रुग्ण आणि 200 वर मृत्यू झाले, बहुतेक रुग्ण फुप्फुसाच्या प्लेगचे. वाद घालायला वेळ नव्हता. मी दोनच प्रश्न विचारले. खोकला आहे का? आणि काम काय करतो?

दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. आवाज उतरलेला. "खोकला नाही. धान्याच्या गोदामात हमाल आहे. गेल्या आठवड्यात मेलेले उंदीर उचलून टाकलेत त्याने."

उंदीर पडणे. जुन्या लोकांना हे दोन शब्द पुरायचे, घर सोडून माळावर झोपडी टाकायला. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा पिसू, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं. पिसवेच्या अन्ननलिकेत जंतूंचा बोळा बसतो, रक्त पोटात उतरतच नाही, आणि उपाशी पिसू वेड्यासारखी चावत सुटते. उंदीर मेला की ती थंड पडलेलं अंग सोडते आणि ऊब शोधते. मग माणसाच्या काखेत नाहीतर जांघेत गाठ.

रुग्णाला अमॉक्सिक्लॅव्ह हे नेहमीचं अँटिबायोटिक चालू होतं. प्लेग असेल तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. गाठीच्या प्लेगमध्ये उपचाराविना निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळजवळ सगळेच. आणि उपाय किती साधा, वेळेवर दिलेलं जेंटामायसिन! "रिपोर्टची वाट बघू नकोस, आत्ता सुरू कर, आणि त्याला वेगळ्या खोलीत हलव." त्याने मुकाट्याने ऐकलं. मी वरिष्ठांना कळवलं, नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवायची बांधाबांध केली आणि घरी जाऊन जागीच राहिले. टेक्निशियनचा रात्री अकराला मेसेज आला: 'मॅडम, मला ताप आला तर?' जंतू अंगात शिरल्यावर आजार दिसायला एक ते सात दिवस लागतात, तोवर रोज दोनदा ताप मोज आणि गोळ्या आजच सुरू कर, असं लिहिलं. तिला धीर आला असेल असं वाटत नाही.

रविवारी सकाळी कॅबिनेटमध्ये प्लेट उघडली. रक्ताच्या प्लेटवर जंतूंच्या करड्या, टपोऱ्या कॉलनी. प्लेगचा जंतू संथ वाढतो, पहिल्या दिवशी सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांपलीकडे जात नाही. दुसरी, मॅकॉन्की प्लेट साफ कोरी; प्लेगचा जंतू तिच्यावरही वाढतो. ऑक्सिडेज चाचणीच्या कागदावर कॉलनीला लावलेली काडी टेकवली, काही सेकंदांत जांभळा रंग आला. प्लेगमध्ये हा रंग येत नाही. इंडोल ही चाचणीही पॉझिटिव्ह, तीही प्लेगमध्ये येत नाही. मी खुर्चीत बसले.

पाश्चुरेला मल्टोसिडा. मांजराच्या तोंडात राहणारा जंतू. सेफ्टी पिना याच्याही दिसतात, फक्त परीक्षेत कुणी विचारत नाही.

रेसिडेंटला म्हटलं, "जेंटामायसिन थांबव, तुझं आधीचंच औषध बरोबर होतं. आणि मांजर चावलं होतं का ते विचार." प्लेग मांजरालाही होतो, मांजरापासून माणसालाही झालेला आहे. त्यामुळे काल नुसतं 'मांजर' ऐकून मी काही निवांत झाले नसते.

थोड्या वेळाने फोटो आला. हमालाचं मनगट, त्यावर खपली धरलेल्या दातांच्या दोन खुणा. खाली लिहिलं होतं: 'गोदामातली मांजर. उंदरांसाठीच पाळलीय म्हणे.'

मी फॉर्म पुढे ओढला आणि त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: मांजर, उंदीर.