सात रात्री बोटीवर

रविवार, सॅन हुआन

सामान सकाळी धक्क्यावरच हमालांच्या ताब्यात दिलं. ते संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतं म्हणे. आई-बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पासपोर्ट आणि एकेक कपड्यांचा जोड मात्र हातातल्या पिशवीत ठेवला, आणि बरं केलं. बाबांची बॅग रात्री नऊला आली.

ही सहल बाबांची. ते आणि आई डिसेंबरात वेंगुर्ल्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले, तेव्हा कुठे जायचंय विचारलं तर नायगारा नाही, न्यूयॉर्क नाही. "बार्बाडोस," म्हणाले. तिथल्या ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बार्बाडोस इतर बेटांच्या रांगेपासून बाजूला, पूर्वेकडे अटलांटिकमध्ये आहे. मायामीहून निघालेल्या बोटीला सात रात्रींत तिथे जाऊन परत येणं सहसा बसत नाही. म्हणून विमानाने पोर्तो रिकोला येऊन इथून सुटणारी बोट घेतली. दिवस फेब्रुवारीचे धरले, कारण तिकडे 1 जून ते 30 नोव्हेंबर वादळांचा हंगाम.

आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच लिहून ठेवते. पोर्तो रिको अमेरिकेतच मोडतं, पण बोट पहिल्या परक्या बेटाला लागली की आपण अमेरिकेबाहेर. परत यायचं तर व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. शिवाय प्रत्येक बेटाचे भारतीय पासपोर्टसाठीचे नियम निराळे, ते तिकीट काढण्याआधी बोटीच्या कंपनीकडून लेखी मागून घ्या.

दुपारी जुन्या सॅन हुआनमध्ये तासभर फिरलो. रस्त्यांना निळसर झाक असलेले दगड बसवलेत. एल मोरो किल्ल्यासमोरच्या माळावर वारा इतका छान होता की लेकाने तिथेच पतंग विकत घेतला. स्पेनने हा किल्ला 1539 मध्ये बांधायला घेतला. तटाजवळ उभं राहून खाली फुटणाऱ्या लाटा बघत बाबा एवढंच म्हणाले, "विजयदुर्ग आठवला."

बोट सुटण्याआधी संकटाची तालीम झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हे ऐकू आलं की सगळं टाकून आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. इटलीत 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, 32 माणसं गेली. त्या बोटीवर नव्याने चढलेल्यांची तालीम व्हायची होती. आता बोट हलण्याआधीच ती घेतात. लेकाकडून ती जागा दोनदा चालून घेतली.

सोमवार, समुद्रात

आज दिवसभर जमीन नाही. पहाटेपासून आईला बोट लागली.

नकाशावर कॅरिबियन निळाशार, शांत दिसतो. पण पूर्वेकडून सतत वारा वाहत असतो आणि आम्ही त्याच्या तोंडावर चाललो होतो. आमची केबिन बोटीच्या पुढच्या टोकाला आणि वर, म्हणजे सगळ्यात जास्त हलणाऱ्या जागी. स्वस्त मिळाली म्हणून मीच घेतली होती. वयस्कर माणसं बरोबर असतील तर खालच्या डेकवर, मधोमध केबिन घ्या. चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.

केबिन आवरायला येणाऱ्या मुलाने आईचा चेहरा बघितला आणि पाच मिनिटांत हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं घेऊन आला. आईने घरून आणलेला आलेपाक तोंडात धरला होताच. ती मालवणीत काहीतरी पुटपुटली, तसा तो दारातच थबकला. "तुमी खंयचे?"

"वेंगुर्ल्याचे," आई म्हणाली. तेवढ्यानेच तिला निम्मं बरं वाटलं असावं. मुलगा साष्टीतला, मडगावजवळचा. बाप तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, आजोबाही तारवटी. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल बोटीच्या पगारावर पेटत आली आहे हे ऐकून होते, पण असा दारात उभा राहून चादर खोचणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. आई त्याला लगेच "झिला", म्हणजे मुला, म्हणू लागली, तो तिला "मांय".

दुपारी तिला मोकळ्या डेकवर नेलं, क्षितिजाकडे बघत बसवलं. चारपर्यंत ती उठून बसली. सोमवार म्हणून तिचं शाकाहारी. रात्री जेवणघरातल्या मुख्य वाढप्याला सांगितलं तर तो म्हणाला, उद्यापासून आदल्या संध्याकाळी सांगत जा, मुदपाकखान्यात आपली माणसं आहेत. जेवण, चहा, पाणी तिकिटातच. मद्य, इंटरनेट, फोटो, वेगळी उपाहारगृहं यांचे पैसे निराळे. खोलीची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे चालतं, त्यामुळे हातातून पैसे जाताना दिसत नाहीत. मी रोज रात्री हिशेब बघायचं ठरवलंय. फोनही बंदर सुटलं की विमानातल्यासारखा बंद, नाहीतर उपग्रहाचं रोमिंग लागून बिल भलतंच येतं.

मंगळवार, ब्रिजटाऊन

लेकाने सकाळी लष्करी छापाची विजार चढवली होती. झिलाने ती बघून हात जोडले, ही बदला. बार्बाडोसमध्ये तसे कपडे घालणं गुन्हा आहे, लहान मुलांनीसुद्धा. सेंट लुशिया आणि अँटिग्वातही तेच. त्याने सांगितलं नसतं तर आमचा दिवस धक्क्यावरच अडला असता.

बंदरात बसगाड्यांची रांग होती: पाणबुडी, कासवं, रमचा कारखाना, बेटाचा फेरा. आम्ही काहीच घेतलं नाही. बोट आठ तासांसाठी लागते, त्यातले चढण्या-उतरण्यात दोन जातात. ओव्हल बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळ. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा.

1971 च्या एप्रिलमध्ये बाबा सातवीत होते, परीक्षा तोंडावर. मुंबईचा पेपर एसटीने दुसऱ्या दिवशी गावच्या वाचनालयात यायचा आणि मोठ्यांचं वाचून होईपर्यंत पोरांनी ओसरीवर थांबायचं. वाडेकरांच्या संघाने त्याआधी पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजला पहिल्यांदाच हरवलं होतं. मग ब्रिजटाऊनची कसोटी. सोबर्स नाबाद 178, समोर धावांचा डोंगर. आपला डाव कोसळला आणि दिलीप सरदेसाई उभे राहिले, 150. एकनाथ सोलकर साथीला, 65. दुसऱ्या डावात एकवीस वर्षांचे गावसकर नाबाद 117. सामना वाचला, पुढे मालिकाही जिंकली. गावसकरांच्या त्या पहिल्याच मालिकेत 774 धावा, सरदेसाईंच्या 642. हे आकडे मला लहानपणापासून पाठ आहेत, कारण बाबा पाढ्यांबरोबर तेही म्हणून घ्यायचे.

मैदानात सामना नव्हता. बाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा, बॅट फिरवून झाल्यानंतरचा. बाबांनी त्याच्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला. दारावर एक वयस्कर रखवालदार होता. बाबांचं इंग्रजी बेताचं. त्यांनी फक्त नावं घेतली: सोबर्स, हॉल, ग्रिफिथ, कन्हाय. मग सरदेसाई, सोलकर, गावसकर. रखवालदार शेवटच्या नावाला हसला आणि दहा मिनिटं, असं बोटांनी दाखवून आम्हाला प्रेक्षकांच्या कठड्यापर्यंत घेऊन गेला.

मैदान आता पूर्वीचं नाही. 2007 च्या विश्वचषकासाठी ते जवळपास नव्याने बांधलं. बाबांना ते माहीत होतं. "खेळपट्टीची जागा तीच ना?" एवढंच त्यांनी मला विचारायला लावलं. रखवालदाराने मान हलवली. मग बाबा कठड्याला दोन्ही हात टेकून उभे राहिले. त्यांच्या हाताची शीर उडताना मला दिसत होती. शेजारी लेक त्याचा 29 जून 2024 चा टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना सांगत होता: सीमारेषेवर सूर्यकुमारने तो झेल कुठे घेतला असेल, रोहितने खेळपट्टीची माती कुठे चाखली. आजोबा-नातू एकाच हिरवळीवर दोन वेगळे सामने बघत होते. मी मध्ये उभी होते आणि मला बोलायचं नव्हतं.

परत येताना रस्त्यात रोटीचं दुकान लागलं. इथली रोटी म्हणजे पातळ पोळी, आत भरडलेली पिवळी डाळ, जिऱ्याचा वास, आणि त्यात बटाटा-चण्याचा रस्सा गुंडाळलेला. आईने पोळीचा पापुद्रा सोडवून बघितला. "पुरणपोळीच ही, गूळ तेवढा नाही." ती त्रिनिदादहून या बेटांवर पसरली. 30 मे 1845 ला फातेल रझाक हे जहाज कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं, आणि पुढची सत्तरेक वर्षं अशी जहाजं येत राहिली. त्यांच्या प्रवासाला महिने लागायचे. आईला एक दिवस बोट लागली तर आम्ही किती घाबरलो. त्या बायांनी काय केलं असेल, हे मनातून जात नाही.

बुधवार, सेंट लुशिया

पिटॉनचे सुळके पाहायचे राहिले. कॅस्ट्रीज बंदरापासून तिथवर वळणावळणाचा लांब रस्ता, आईला ते नको होतं. टॅक्सीने जवळच्या डोंगरावर गेलो. झाडी अगदी आंबोलीसारखी. वाटेत एक बाई निखाऱ्यावर काळंकुट्ट गोल फळ भाजत होती. तिने सुरीने साल खरवडली, आतून पांढरी वाफ आली आणि आई-बाबा एकदमच म्हणाले, "नीरफणस!"

हा इथला नव्हे. मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोटभर काही घालावं म्हणून कॅप्टन ब्लाय याने 1793 मध्ये ताहितीहून रोपं आणली. आम्ही त्याची कापं करतो, रव्यात घोळवून. ही बाई नुसताच भाजून खाऱ्या माशाबरोबर देते. गरम, पिठूळ, धुराचा वास. आईने तिला खुणांनी कापं कशी करायची ते सांगितलं. दोघी एकमेकींचा हात धरून बोलत होत्या, वेगवेगळ्या भाषेत.

समुद्रकिनाऱ्यावर लाल पट्टा मारलेलं झाड दिसलं तर लांब राहा. मँचिनील त्याचं नाव, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. चीक आणि फळ दोन्ही विषारी, पावसात त्याखाली उभं राहिलं तरी कातडी पोळते.

गुरुवार, अँटिग्वा

नवरा आणि लेक उतरले. आम्ही तिघं बोटीवरच. बोट बंदरात असते तेव्हा ती रिकामी, पोहण्याचा तलाव मोकळा, डेकवर सावलीतली खुर्ची मिळते. वयस्कर माणसांना असा एक दिवस द्यायलाच हवा.

झिला टॉवेल द्यायला आला तेव्हा बाबांनी त्याला ओव्हलचा फोटो दाखवला आणि सांगितलं, सरदेसाई तुमच्या मडगावचे. त्याला माहीत नव्हतं. त्याने तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढून घेतला, बापाला पाठवायला. मग थोडा बोलला. सात महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण ती दोन तुकड्यांत वाटली जाते, म्हणजे सलग दहा तास असे नाहीतच. मुलगी जन्मली तेव्हा तो समुद्रात होता. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती पाच महिन्यांची.

बक्षिशी रोजची, माणशी, बिलात आपोआप लागते. काही लोक खाली जाऊन ती काढून टाकतात. कृपा करून काढू नका. वर हातात जे देता येईल ते द्या, आणि शेवटच्या दिवशी अभिप्रायात माणसाचं नाव लिहा. पुढच्या करारात, बढतीत त्याचा उपयोग होतो.

शुक्रवार, सेंट मार्टिन

बेटाचा एक भाग फ्रेंच, एक डच, 1648 पासून. पाणी काचेसारखं. पोहलो, भिजलो, झोपलो. बाकी काही नाही.

शनिवार, सेंट थॉमस

अमेरिकेने हे बेट डेन्मार्ककडून 1917 मध्ये अडीच कोटी डॉलरला घेतलं. अमेरिकेचं असून गाड्या डावीकडून चालतात. मुख्य रस्त्यावर दागिन्यांची दुकानं, त्यातली बरीच सिंधी माणसांची. एका काउंटरवरच्या काकांनी आईला बघून हिंदीत खुर्ची दिली, पाणी दिलं, विकत काही घ्या म्हटलं नाही. त्यांचं लहानपण उल्हासनगरचं निघालं. बाबांशी अंबरनाथच्या शिवमंदिरावर अर्धा तास बोलत बसले. शेवटी आम्हालाच घड्याळ दाखवावं लागलं. आपल्या आपण हिंडायला गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही, बोटीच्या सहलीतून गेलेल्यांसाठीच थांबते.

रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवल्या. आईने काजूचे उरलेले लाडू एका डब्यात वेगळे काढले.

रविवार, सॅन हुआन

साडेसातला केबिन सोडायची होती. बोळात चादरींचे ढीग, दारं सताड उघडी. दुपारी बारापासून नवे लोक चढणार. झिला पलीकडच्या खोलीत होता, हनुवटीखाली उशीचा अभ्रा धरून उशी आत सारत. बाबांनी पाकीट दिलं, त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. आईने डबा गादीवर ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"सकाळपासून काय खाल्लंस काय रे झिला?"

त्याने मान हलवली. "आतां खातां, मांय," म्हणाला आणि पुढची उशी उचलली.