पोर्लवीत एक दिवस, आणि बसमधल्या आजी

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडं लोकांना एकच सुचतं, हनिमून. आम्ही लग्नाच्या सोळाव्या वर्षी गेलो, त्यामुळं कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला जमणाऱ्या मित्रांनी जी काय सालटी काढली ती इथं लिहिण्यासारखी नाही. ट्रिप ऑक्टोबरातली. टूरवाल्यानं सहा दिवसांत बीच, बोट, परत बीच, परत बोट असं सगळं कोंबलेलं आणि राजधानी पोर्ट लुईला दिलेले फक्त दोन तास, त्यातला एक मॉलमध्ये गेला. मला शहर बघायचं होतं. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, जा बाबा तू तुझ्या शहरात, मी इथं वाळूत पडते. मग आम्ही राहिलो त्या बीचच्या गावातनं, फ्लिक-आँ-फ्लाकच्या स्टॉपवरनं साधी पब्लिकची बस पकडली.

बस गावाबाहेर पडली आणि दोन्ही बाजूला ऊस. नुसता ऊस. डोळे मिटून उघडले असते तर शिरोळकडं चाललोय असंच वाटलं असतं. आमचं घर मूळचं गुऱ्हाळवाल्यांचं, आता गुऱ्हाळ बंद पडलं पण चार एकर ऊस आहे, त्यामुळं नजर आपोआप फडावर जातेच. तिकडं तोड जून ते डिसेंबर चालते, म्हणजे आपले कारखाने पेटायच्या बेतात असतात तेव्हा त्यांचं निम्म्याच्या वर आटपलेलं. पण एक गोष्ट आपल्याकडं नाही. फडात मधेमधेच काळ्या दगडांचे ढीग, काही तर दोन मजली घराएवढे. ज्वालामुखीतनं झालेलं बेट, दगड आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. जमीन उसाला मोकळी व्हावी म्हणून माणसांनी हातानं वेचून रचलेले ते ढीग.

शहराला तिथली माणसं पोर्ट लुई म्हणतच नाहीत, फ्रेंचवरनं झालेल्या तिथल्या क्रिओल बोलीत ते पोर्लवी. एका बाजूला बंदर, बाकी डोंगर, त्यामुळं वारा अडतो आणि दहा वाजताच अंगाची लाही होते. फ्रेंचांच्या लाबुर्दोने नावाच्या गव्हर्नरनं १७३५ नंतर हे बंदर उभं केलं, त्याचा पुतळा अजून समुद्राकडं तोंड करून उभा आहे, पुढं पाम झाडांची रांग. त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला सरकारी वाड्यासमोर व्हिक्टोरिया राणी, कारण १८१० ला इंग्रजांनी बेट घेतलं. पण घेतलं म्हणजे काय, कायदे-भाषा बरीचशी फ्रेंचच राहिली. कागद इंग्रजीत, पेपर फ्रेंचमध्ये, भांडण क्रिओलमध्ये.

बाजारात शिरलो आणि तासभर बाहेरच आलो नाही. भाजीवाला कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ म्हणत होता, म्हणजे सरळ तमिळ. मग दालपुरी खाल्ली. ती कायम जोडीनंच मिळते, एक मागितली तर माणूस आपल्याकडंच बघतो. पिवळी डाळ शिजवून वाटून पोळीत भरलेली, त्यावर पावट्यासारख्या पांढऱ्या जाड कडधान्याची रस्साभाजी, टोमॅटोची चटणी, हिरवी मिरची, आणि कागदात गुंडाळून हातात. गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी म्हणा. मी तिखट जास्त मागितलं तर गाडीवाल्यानं दोनदा विचारलं, नक्की का? म्हटलं भावा, कोल्हापूर. त्याला काय कळणार, पण मिरची टाकली. बऱ्यापैकी होती, तांबड्या रश्श्याशी तुलना नको. वरनं आलुदा प्यायलो, दूध, सब्जा आणि जेलीसारखे अगर-अगरचे तुकडे. हे आपल्याकडं रंकाळ्यावर कुणी सुरू केलं तर लई चालेल.

तिथनं दहा मिनिटांवर चायनाटाऊन, तिथंच जुनी जुम्मा मशीद, थोडं वर गेलं की चर्च. जुन्या चिनी दुकानदारांबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. उसाच्या मळ्यातल्या मजुरांना ते उधारीवर माल द्यायचे, वहीत लिहून, पगार झाला की चुकतं. आमच्या पेठेतल्या किराणा दुकानात अजून तीच वही आहे.

आणि नोटा. पैसा रुपयाच, आणि नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी. १९९८ ला छापताना हिंदी तमिळच्या वर गेली तर एवढा दंगा झाला की त्या नोटा परत घ्यायला लागल्या. बेळगावच्या पाट्यांवरनं आयुष्य काढलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही.

या बेटावर मूळचं असं कुणीच नाही. आदिवासी वगैरे नाहीतच, डोडो पक्षी होता तोही डच आल्यावर संपला. म्हणजे सगळे जहाजानं आलेले, काही मालक म्हणून, काही साखळदंडात, आणि १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी बंद होणार हे दिसल्यावर मळेवाल्यांनी नवीन माणसं शोधली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातनं कलकत्त्याहून ३६ मजूर आले. पाच वर्षांचा करार, महिना ५ रुपये. पुढं १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या वर आले. मुंबई बंदरातनं निघालेल्यांत आपली मराठी माणसं, जास्त करून रत्नागिरीकडची.

ते उतरायचे ती जागा म्हणजे अप्रवासी घाट, बंदराला लागूनच, २००६ पासून जागतिक वारसा. जाताना वाटलेलं मोठं काहीतरी असेल. दगडी भिंती, थोड्या खोल्या, आणि सोळा पायऱ्या. बस्स. जहाजातनं उतरला की पायऱ्या चढायच्या, दोन दिवस इथं राहायचं, नंबर मिळायचा, रजिस्टरात नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि मग मळ्यावर रवानगी. मी त्या पायऱ्या चढलो आणि उतरलो, परत चढलो. गार्ड बघत होता म्हणून थांबलो.

साडेचारनंतर गंमत बघितली. आपल्याकडं संध्याकाळी महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते, इथं शटर धडाधड खाली, ऑफिसवाले स्टँडकडं आणि मेट्रोकडं, आणि सहा वाजेपर्यंत राजधानी ओस. राहतात दीड लाखाच्या आसपास, पण दिवसा कामाला येणारी गर्दी सगळी वरच्या थंड गावांतली. याचं मूळही जुनं आहे, १८६६ ते ६८ मध्ये मलेरियाची भयंकर साथ आली, ज्यांना जमलं ते डोंगरपठारावर राहायला गेले आणि परत काही खाली आले नाहीत.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक आजी बसल्या. साडी नाही, फ्रॉकसारखं काहीतरी, हातात भाजीची पिशवी. मी फोनवर बायकोला ‘बसलोय, येतोय’ म्हटलं तर झटकन वळून म्हणाल्या, ‘आमी पन मराठी.’ एवढं बोलून त्यांचं मराठी जवळजवळ संपलं, मग पुढं हिंदी, भोजपुरी आणि हातवारे. खापरपणजोबा रत्नागिरीकडचे, त्यांचं नुसतं नावच आता घराण्याचं आडनाव होऊन बसलंय, क्लार्कनं तसंच लिहिलं म्हणे. गणपती बसवतात घरी, चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे अभिमानानं सांगितलं.

मी सांगितलं, आमचाही ऊस आहे. खूश झाल्या. मग विचारलं, तोडतं कोण?

म्हटलं, बाहेरनं येतात माणसं. बीडकडनं. नवरा-बायको जोडीनं.

पैसे आधी घेतात?

हो, मुकादम उचल देतो.

राहतात कुठं?

फडाजवळ, कोपी घालून.

आजी जरा वेळ गप्प बसल्या. बाहेर तोडलेला फड आणि तो दगडांचा ढीग मागं गेला. मग विचारलं, ‘वापस जाते हैं ना?’

म्हटलं, हो हो, हंगाम संपून पट्टा पडला की जातात.

‘अच्छा,’ म्हणाल्या, आणि कास्काव्हेलच्या स्टॉपला पिशवी उचलून उतरल्या. उतरताना मात्र मराठीत, ‘येते हां.’