एकाच भडक्यासाठी इतक्या दुर्बिणी कशाला?

ब्लेझारांवर काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "एक चांगली मोठी दुर्बीण लावली की झालं ना? तोच भडका दहा ठिकाणांहून बघून वेगळं काय कळणार?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

ब्लेझार म्हणजे जिच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून निघणारा कणांचा झोत जवळजवळ थेट आपल्यावर रोखलेला आहे अशी सक्रिय दीर्घिका. तिचं तेज अचानक उसळलं की तो भडका. भडका झोताच्या नेमक्या कुठल्या भागात उडाला, ते चित्रात सहसा दिसत नाही. मग अंतर मोजायचं ते घड्याळाने. जुलै 2006 मध्ये पीकेएस 2155-304 हा ब्लेझार भडकला, तेव्हा नामिबियातल्या हेस दुर्बिणींना त्याचे गॅमा किरण सुमारे 200 सेकंदांत दुप्पट होताना दिसले. तेवढ्या वेळात प्रकाश जातो 6 कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्याहूनही कमी; आणि प्रकाशाला पार करायला लागतो त्याहून कमी वेळात अख्खी जागा एकदम उजळू शकत नाही, म्हणून भडकणारी जागा याहून मोठी नसावी. तिथलं कृष्णविवरच त्याहून खूप मोठं असावं! यातून सुटायचं तर भडकणारा गोळा जवळपास प्रकाशाच्या वेगाने आपल्याकडे येतोय आणि म्हणून त्याचा काळ आपल्याला आक्रसलेला दिसतो, असं मानावं लागतं.

पण हे झालं एकाच घड्याळाचं. मार्केरियन 421 या ब्लेझारमध्ये क्ष-किरण आणि गॅमा किरण बहुतेकदा जोडीने चढतात. तेच इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना क्ष-किरण देतात आणि कमी ऊर्जेच्या फोटॉनना धडकून त्यांचे गॅमा किरण करतात, असा त्याचा सरळ अर्थ. रेडिओ लहरी अनेकदा आठवड्यांनी, महिन्यांनी उशिरा येतात, कारण झोताचा आतला भाग त्यांना अपारदर्शक असतो.

आणि मग येतो 1ईएस 1959+650 हा ब्लेझार. जून 2002 मध्ये त्याचे गॅमा किरण उसळले आणि क्ष-किरण ढिम्म! याला आम्ही अनाथ भडका म्हणतो. नुसती गॅमा दुर्बीण असती तर तो चारचौघांसारखाच वाटला असता.

प्रत्यक्षात मात्र सगळं जुळणं कठीण. गॅमा किरण टिपणारा फर्मी उपग्रह साधारण तीन तासांत अख्खं आकाश चाळतो आणि भडका कळला की ईमेलचा पाऊस पडतो. क्ष-किरणांसाठी स्विफ्ट उपग्रहाकडे वेळ मागायचा, तर जमिनीवरच्या गॅमा दुर्बिणींना नेमकं चांदणं आडवं येतं. मग सहा-सहा तासांच्या फरकाने घेतलेली निरीक्षणं 'एकाच वेळची' म्हणून छापली जातात. मिनिटांत बदलणाऱ्या वस्तूबाबत हे मला पटत नाही. महाकाय दुर्बिणीची एक रात्र मिळण्यापेक्षा, भडका नसतानाही रोज रात्री त्याच ब्लेझारकडे बघणारी छोटी दुर्बीण मी केव्हाही घेईन.