वारा, मलमल आणि बटवा

नवा कुर्ता घालून भाजी आणायला गेले. पैसे द्यायला हात सवयीने बाजूला गेला, तर तिथे नुसती पट्टी! बाहेरून खिसा, आत काही नाही. भाजीवाली हसली, "ताई, पिशवीत बघा की."

घरी येऊन इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १८१० सालचं एक व्यंगचित्र पुन्हा काढून बसले. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये तीन नटव्या बायका फिरायला निघाल्यात आणि वारा सुटलाय. छातीखालीच कंबर बांधलेले पातळ झगे अंगाला असे चिकटलेत की नेसून न नेसल्यासारखेच. तेव्हा फॅशन होती मलमलीची. उत्तम मलमल जायची आपल्या बंगालमधून. ती नेसायची मात्र लंडनच्या थंडीत. हौसेला मोल नाही, म्हणतात ते हेच.

त्यांच्या आयांचं बरं होतं. घेरदार घागऱ्याच्या आत कमरेला नाडीने पिशव्या बांधलेल्या असत. शिवणीतल्या फटीतून हात घातला की किल्ल्या, कात्री, नाणी सगळं हाताशी. मलमलीखाली असं गाठोडं लपणार कुठे? मग हातात आली नाडीची छोटी पिशवी, रेटिक्यूल. तिला 'रिडिक्यूल'ही म्हणत, म्हणजे चक्क टवाळी. मला तर तो आजीचा बटवाच वाटतो. फरक इतकाच, आजी तो कमरेला खोचायची आणि दोन्ही हात मोकळे ठेवायची. या बाबतीत आजी लंडनच्या पुढे!

पुरुषांना खिशांची ददात नव्हती. पण गिलरेचंच १८०८ सालचं चित्र बघा. सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्रीचं चित्रांचं दुकान. गिलरे राहायचा त्याच घरात, वरच्या मजल्यावर. दुकानासमोर एक म्हातारे गृहस्थ निसरड्यावरून घसरून धाडकन बसलेत. टोप उडालाय, नाणी फरशीवर सांडलीत, हातातला थर्मामीटर तेवढा शाबूत. मागे काचेला नाकं लावून माणसं उभी आहेत, एकजण वळून बघत नाही. काचेत काय लागलंय? गिलरेचीच व्यंगचित्रं.

कुर्ता शिंप्याकडे टाकून आलेय. खिशाचे वेगळे पडतील, म्हणाला.