रविवार सोडून या: चर्नी रोड ते सीएसएमटी, चालत

पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हटलं की आपण रविवार धरतो, गेटवेला नेतो, मरीन ड्राइव्हवर भाजलेलं कणीस खाऊ घालतो आणि घरी आणतो. साताऱ्याहून मावसबहीण आणि तिच्या सासूबाई आल्या तेव्हा मी मुद्दाम शनिवार निवडला. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी हा सगळा पट्टा धंद्यावर जगतो. रविवारी मंगलदास मार्केट, मूळजी जेठा मार्केट बंद, झवेरी बाजारातही बहुतेक शटरं खाली. मग बघायचं काय, कुलपं?

नऊ-साडेनऊपर्यंत गिरगावात पोचा. पश्चिम रेल्वेवाल्यांना चर्नी रोड सोयीचं. आता मेट्रो ३ चं गिरगाव स्थानकही आहे. बाजारातली दुकानं उघडायला अकरा वाजतात, तोवर खाणं आणि वाड्या उरकून घ्यायच्या. ठाकुरद्वारला ‘विनय हेल्थ होम’मध्ये मिसळ, नाहीतर ‘पणशीकरां’कडे साबुदाणा वडा आणि पियुष. सासूबाईंचा शनिवारचा उपास असल्याने आमचा निर्णय आपोआप झाला. पियुष इथे दाट असतं, दोघींत एक पुरतं.

तिथून खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी इथली जमीन ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना दिली आणि ही वस्ती झाली. लाकडी कठडे, बाहेरून चढणारे जिने, कौलं, भिंतीतला क्रूस. घरं आता मोजकीच राहिलीत आणि मागे टॉवर डोकावतात. लोक इथे राहतात, तेव्हा व्हरांड्यात बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नका. जवळच केशवजी नाईक चाळी आहेत. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथला, १८९३ सालचा, आणि मूर्ती अजूनही लहानच आणतात. आत शिरून चाळीचं आवार बघा, पाच मिनिटं पुरतात.

आता सी.पी. टँकवरून भुलेश्वरला वळा. फुलगल्ली, पूजेचं सामान, खोटे दागिने, सगळं एकमेकांना खेटून. मागून ‘बाजू, बाजू!’ ऐकू आलं की विचार न करता कडेला व्हायचं, हातगाडीला ब्रेक नसतो. मावसबहीण कानातल्यांत रमली. माझा आणि सासूबाईंचा जीव पायधुणीजवळच्या तांबाकाट्याकडे ओढत होता.

तांब्या-पितळेची भांडी इथे वजनावर मिळतात. दुकानदाराने पुढे ठेवलेलं घंगाळ सासूबाईंनी आधी उचलून पाहिलं, मग उपडं केलं आणि बुडावर बोटाच्या पेराने वाजवलं. ‘पत्रा पातळ आहे,’ असं मला म्हणाल्या, पण त्याला ऐकू जाईल इतपत. ‘मावशी, दुसरं दाखवतो,’ म्हणत त्याने माळ्यावरून जाड काढलं. हातठोक्याचं भांडं ओळखायची खूण त्यांनीच दाखवली. हाताने ठोकलेल्या खुणांच्या रांगा फिरत जातात पण एकसारख्या नसतात, कुठे दोन ठोके जवळ येतात, काठाशी जरा दाटतात. यंत्रावर दाबलेल्या भांड्यावरचे सगळे ठसे जुळे. भाव विचारताना त्यांचा प्रश्न एकच होता: ‘मजुरी धरून किलोला किती, ते आधी सांगा.’ तुम्हीही असंच विचारा, नाहीतर वजनाचा भाव एक आणि बिल भलतंच. पितळेचं पातेलं स्वयंपाकाला घेत असाल तर कल्हई केलेलं आहे ना ते बघा. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कल्हईशिवाय चालत नाहीत, धातू उतरतो.

कल्हई लावताना बघायला मिळाली तर जरूर थांबा. तापलेल्या भांड्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठतो, कारागीर कथलाचा तुकडा टेकवतो, कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतो आणि काळवंडलेला पृष्ठभाग बघता बघता चांदीसारखा उजळतो. नाकाला रुमाल मात्र हवा.

मुंबादेवीचं दर्शन झटपट झालं. देवीचं मूळ देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होतं, किल्ल्याच्या कामासाठी ते हलवलं गेलं. मंगलदास मार्केटला लागून असलेली जुमा मशीद चक्क तळ्यावर उभी आहे. कापड घ्यायचं तर मंगलदासमध्ये, पण निदान तासभर हाताशी ठेवा, मोह सुटत नाही. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. दारावरची दगडी शिल्पं लॉकवूड किपलिंगची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. समोर ‘बादशाह’चा फालुदा, तेवढ्यापुरता उपास सासूबाईंनी सोयीने ताणला.

सीएसएमटीशी पोचल्यावर समोरच्या पदपथावरून एक फोटो काढून निघून जाऊ नका. वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत १८७८ साली सुरू होऊन १८८८ साली पुरी झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारशात गेली. फाटकावर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ: ब्रिटन आणि हिंदुस्थान. मोर, माकडं, पानाफुलांचं कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. पण माझं आवडतं ठिकाण आतलं तिकीटघर. रांगेत उभं राहून वर बघा: कमानी, खांब आणि छतावर चांदण्या. रोज हजारो लोक खाली मोबाईल बघत त्याखालून जातात. मीही सकाळी त्यातलीच असते.

जेवायला बझारगेटला ‘पंचम पुरीवाला’, पुरीभाजी गरम आणि खिशाला परवडणारी. पारशी खाणं हवं असेल तर बॅलार्ड इस्टेटचं ‘ब्रिटानिया’, बेरी पुलाव, पण ते दुपारीच उघडं असतं.

पावसाळ्यात हा रस्ता टाळा, भुलेश्वरात चिखल आणि छत्र्या एकत्र झेपत नाहीत. सुट्टे पैसे ठेवा, पायात पट्ट्याची चप्पल घाला, लहान मूल कडेवर घ्या. स्वच्छतागृह बाजारात शोधत बसण्यापेक्षा खाण्याच्या ठिकाणीच उरकून घ्या. आणि परतीची लोकल पाचच्या आत पकडा. सहाला डब्यात घंगाळ घेऊन चढणाऱ्या बाईला कोणी जागा देत नाही, टोमणे मात्र भरपूर मिळतात.