डिबेट बघूनही माझं का ठरलं नव्हतं

गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, पुण्याहून बहिणीने विचारलं, अजूनही लोक विचारतात: ‘अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये ट्रम्प आणि हॅरिस दोघंही दीड तास समोर होते, तरी मत कोणाला द्यायचं ते तुमचं ठरलं कसं नाही?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

१० सप्टेंबर २०२४, मंगळवार. त्याच दिवशी घरी गौरी आणल्या होत्या. आम्ही फिलाडेल्फियाबाहेर एक्स्टनला राहतो आणि डिबेट फिलाडेल्फियातच होती. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याची इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं, १९. २०१६ला हे राज्य ट्रम्पना गेलं, २०२०ला जेमतेम ८० हजारांच्या फरकाने बायडनना. इथे एकेका मताला किंमत आहे, म्हणून मला ते घाईत द्यायचं नव्हतं.

रात्री नऊला दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची डाळ निवडायला घेतली आणि शेजारी वही ठेवली. दोन रकाने पाडले. प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं की खूण करायची, एवढंच. सभागृहात प्रेक्षक नव्हते, एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद. म्हणजे निदान ऐकू तरी येणार होतं.

पहिलाच प्रश्न हॅरिसना: चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची स्थिती बरी आहे का? त्या आपल्या मध्यमवर्गीय बालपणापासून सुरू झाल्या. हो किंवा नाही आलंच नाही. ट्रम्पना विचारलं, आरोग्यविम्याची तुमची योजना तयार आहे का? म्हणाले, योजनेच्या कल्पना आहेत. नऊ वर्षं राजकारणात काढल्यावर हे उत्तर! दोन्ही रकाने कोरे.

मग स्थलांतराचा विषय निघाला आणि मी डाळीचं ताट बाजूला सारलं. माझी भाची चार वर्षांची असताना आईवडिलांबरोबर इथे आली. त्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज कधीचा रांगेत आहे, कारण नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर वाटा मिळत नाही, मग तो देश केवढाही असो. मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही. ती तेव्हा विशीत होती आणि माझ्याच शेजारी सोफ्यावर बसली होती.

बोलणं सगळं सीमेचं झालं. ट्रम्प म्हणाले, ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात बाहेरून आलेले लोक पाळीव कुत्री-मांजरं खातात. तसा विश्वासार्ह पुरावा नाही, असं तिथलं शहर प्रशासन सांगतं, हे सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे सांगितलं. ते ऐकताना मला फार वाईट वाटलं. बाहेरून आलेले म्हणजे आम्हीही. पण कायद्याने आलेल्यांची रांग दोघांपैकी एकाच्याही तोंडी आली नाही. भाचीने वहीत डोकावून विचारलं, “मावशी, आमचं आलं का गं?”

लोक डिबेटनंतर कोण जिंकलं ते विचारत होते. हॅरिसची तयारी जास्त होती, ते मलाही दिसलं. पण चांगलं बोलणं आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर या माझ्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दुसरी शोधत होते, म्हणून त्या रात्री ठरलं नाही. पुढे ऑक्टोबरभर दोन्ही पक्षांचे जाहीरनामे वाचले, भाचीच्या आईशी दोनदा भांडले, आणि ५ नोव्हेंबरला मत दिलं. कोणाला, ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये भाचीला २१ पूर्ण झाली. आता ती स्टुडंट व्हिसावर आहे. ज्या गावात बालवाडीत गेली, तिथेच परदेशी विद्यार्थिनी म्हणून राहते.