दुपारी दीडची दिवेलागण

उन्हानं रस्ता पांढरा पडलाय, दुपारचा दीड वाजलाय, आणि जुळे सोलापुरातल्या एखाद्या घराच्या फाटकावर दिवा जळतोय. उन्हात जळणारा दिवा फार बापुडवाणा दिसतो. येणारा-जाणारा टोकल्याशिवाय राहत नाही, "काय बे, दिवसा दिवा?" आणि घरातला माणूस ओशाळून म्हणतो, "ऑटोमॅटिक आहे."

दिव्याची बाजूही ऐकून घ्यावी. लाईट गेली होती, आत्ताच आली. दिवा चालवणारी आतली वायफायची चिप, ईएसपी ८२६६, क्षणात जागी होते, राउटर मात्र आळोखेपिळोखे देत दोनेक मिनिटांनी उठतो. तोवर इंटरनेट नाही, मग वेळ कुणाला विचारणार? मग ती चिप, जिथून वेळ मोजते त्या आपल्या मूळ शून्यापाशी जाऊन बसते, १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र. त्यात आपले साडेपाच तास मिळवले की झाले पहाटेचे साडेपाच. पहाट म्हणजे अंधार, अंधार म्हणजे दिवा. तर्कात खोट काढून दाखवा! प्रोग्रॅमनं वेळ एकदाच विचारून नाद सोडला असेल, तर दिवस आठ तास मागे पडतो आणि संध्याकाळचा दिवा रात्री दोनला लागतो. साल २०२४च्या आतलं दिसलं तर वेळ मानायचीच नाही, रिले (चिपच्या इशाऱ्यानं दिवा लावणारा स्विच) बंद ठेवून पुन्हा विचारायचं, एवढी एक ओळ पुरते. नाहीतर डीएस ३२३१ हे घड्याळ जोडावं. नाण्याएवढ्या सेलवर ते लाईट नसतानाही चालतं आणि वर्षाला फार तर मिनिटभर चुकतं. एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावणाऱ्या गावाला एवढी चूक चालावी.

पण खरी पंचाईत वेळेची नाहीच. तिन्हीसांज नेमकी कधी होते?

साडेसहाचा टायमर लावून मोकळं होणारे लोक आहेत. सोलापुरात जुलैच्या सुरुवातीला सूर्य सात-पाचच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेर पाच-पन्नासच्या. म्हणजे टायमर उन्हाळ्यात उधळ्या, हिवाळ्यात कंजूष. त्यात आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण जवळपास ७५.९ वर, म्हणून सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या सव्वीस मिनिटं मागून चालतो. अक्षांश १७.६६ आणि हा रेखांश दिला की प्रोग्रॅम रोजचा सूर्यास्त स्वतः काढतो. फक्त आभाळ भरून आलंय हे त्याला कळत नाही.

ते एलडीआरला, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या सेन्सरला, कळतं. त्याचं एक टोक ३.३ व्होल्टला, दुसरं चिपच्या बोर्डावरच्या ए० या पिनेला, आणि तिथूनच १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. शून्य ते १०२३ मध्ये आकडा येतो, जितका उजेड तितका मोठा. आता यातला तिन्हीसांजेचा आकडा कोणता? ३०० म्हणावं, तर एक ढग सरकतो, आकडा २९९-३०१ करत राहतो आणि रिले टकटक करत बसतो. म्हणून आकडे दोन लागतात. ३०० च्या खाली गेला तर लाव, ४५० च्या वर गेला तर मालव, आणि तेही दोन मिनिटं सलग तसंच राहिलं तर. तरी वीज चमकते, समोरून ट्रक येतो. सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे एलडीआरला स्वतःचाच दिवा दिसणं: अंधार पडला, दिवा लागला, उजाडलं, दिवा गेला, अंधार पडला… रात्रभर. त्याला छज्ज्याच्या वर, दिव्याकडे पाठ करून बसवावं.

माणूस आल्यावरच लागणारा दिवाही बसवतात. पण त्यातला पीआयआर सेन्सर अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात आपल्या भिंती संध्याकाळीही तापलेल्या असतात, तेव्हा समोरून पाहुणा गेला तरी त्याला पत्ता नसतो.

रिले डी५ वर घ्यावा. डी३, डी४, डी८ या पिना चिप सुरू होताना तिच्या स्वतःच्या कामात असतात, त्यांवर घेतला तर लाईट आली की दिवा उगाच उचकी देतो. पाच व्होल्टचं मोड्यूल असेल तर ३.३ व्होल्टच्या इशाऱ्यानं ते कधी कधी सुटतच नाही, तेव्हा ३.३ वर चालणारंच मागून घ्यावं. मेन बंद करून फेज रिलेतून न्यावा, न्यूट्रल नव्हे. न्यूट्रल तोडला तर बंद एलईडी काजव्यासारखी लुकलुकते आणि होल्डरमध्ये करंट उभाच असतो. हे सगळं बसवायचा डबा पांढरा घ्यावा, वायरींची भोकं खालून पाडून तीही बुजवावीत. पाऊस परवडला, पाल नको.

राहता राहिलं जुनं बटण. ते काढून टाकायचा सल्ला देणाऱ्यांच्या घरात आजी नसावी. ट्यूबलाईट तीनदा फडफडून लागली की घरभर हात जोडले जायचे, हे काही प्रोग्रॅममध्ये लिहिता येत नाही. हौशी मंडळी जिन्यासारखं टू-वे करतात. सहा-वीसला रिले टक् करून दिवा लावतो, सहा-बावीसला आजी दिवेलागण म्हणून बटण दाबते आणि दिवा जातो. त्यापेक्षा बटण रिलेला समांतर जोडावं. दिवा आधीच लागलेला असतो, आजी बटण दाबते, काहीच होत नाही, ती हात जोडते.

ते बटण मग सकाळी बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. दुपारी दीडला जळणारा दिवा कदाचित तोही असेल.